मुलांची खिन्नता : वर्षानुवर्षे पाहावयाची गोष्ट

“लेकराला कसले आले आहे दुःख?” असे आपण सहज म्हणून जातो. एके काळी पुष्कळ डॉक्टरांचाही असाच समज होता की, नैराश्य हा आजार मोठ्या माणसांचाच आहे. हा समज खोडण्यास ज्या कामाची मोठी मदत झाली, त्याची ओळख शब्बाथशाळेच्या शिक्षकांस व आईबापांस व्हावी म्हणून हा पाठ आम्ही घेतला आहे.

न्यूझीलंडमधील डनेडिन शहरी १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या वर्षात जन्मलेली १०३७ मुले तीन वर्षांची असता एका अभ्यासात घेण्यात आली. फिल सिल्व्हा हे त्याचे संस्थापक. प्रथम दर दोन वर्षांनी व पुढे अधिक अंतराने त्याच मुलांना पुन्हा पुन्हा बोलावून त्यांचे शरीर, बुद्धी व मन तपासण्यात आले. ४५व्या वर्षी, हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक हजर होते. (आपल्या वार्षिक सभेला इतकी हजेरी आम्ही तरी पाहिलेली नाही!)

अकराव्या वर्षी केवळ आईला व मास्तरांना न विचारता खुद्द मुलांनाच त्यांच्या मनाविषयी विचारले. त्या वयात नैराश्य शंभरात सुमारे दोघांना आढळले. तेरा ते पंधराच्या दरम्यान मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा वाढू लागले, आणि पंधरा ते अठरा या वर्षांत तर ते फारच चढले. म्हणजे दहावी-बारावीच्या वयात, जेव्हा आपण मुलांना गुणांखेरीज दुसरे काही विचारीत नाही, नेमके तेव्हाच.

सव्विसाव्या वर्षी ज्यांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता, त्यांच्यापैकी निम्म्यांना पंधराच्या आधी व सुमारे तीन चतुर्थांशांना अठराच्या आधीच काही विकार होऊन गेला होता. तो दर वेळी खिन्नतेच्या रूपाने आला होता असे नाही. कित्येकांच्या लहानपणी तो दांडगाई, उलट बोलणे, मारामारी या रूपाने दिसला होता. वर्गातून ज्याला आपण बाहेर उभे करतो, त्याच्याविषयी हे लक्षात घ्यावे. लहान मुलाची खिन्नता रडण्यापेक्षा चिडखोरपणात व पोटदुखीत अधिक दिसते. वय वाढले की झोप, भूक, अभ्यास व मित्र यांतून ती कळते. मात्र याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. प्रत्येक उदास मूल पुढे आजारी पडते असे मुळीच नाही. पुष्कळांची उदासी ओसरते.

मग वर्षानुवर्षे विचारीत राहण्याची गरज काय? मोठेपणी एकदाच विचारले तर चालणार नाही काय? याचे उत्तर २०१० साली याच अभ्यासातून मिळाले. ज्यांना बत्तिसाव्या वर्षापर्यंत वेळोवेळी विचारले होते त्यांच्यात नैराश्य, चिंता यांसारख्या विकारांचे प्रमाण, मोठ्या माणसांना एकदाच मागचे आठवून सांगावयास लावणाऱ्या पाहण्यांच्या मानाने जवळजवळ दुप्पट निघाले. माणूस आपले दुःखही विसरतो. तेव्हा “आमच्या वेळी असले काही नव्हते” हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोटे नसेल, पण तो पुरावा नव्हे.

शब्बाथशाळेत मूल पाचव्या वर्षी येते व तरुणसंघापर्यंत आपल्या नजरेसमोर असते. हजेरीपट असतो, पण वर्ग बदलला की नव्या शिक्षकाला त्या मुलाविषयी कोणी काही सांगत नाही. हे जबाबदारीने, चारचौघांत वाच्यता न करता सांगावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल बदललेले दिसले, तर बाजूला घेऊन सरळ विचारावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, हेही विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही.

अशा मुलाला “तुझा विश्वास कमी पडतो” असे म्हणणारे आपल्यात आहेत, आणि हे आम्हांस फार खटकते. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजला (१ राजे १९), तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले.

डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये. जिवाला धोका वाटल्यास मुलाला एकटे न सोडता लगेच दवाखाना गाठावा. १४४१६ हा सरकारचा ‘टेली मानस’ दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो रात्रंदिवस विनामूल्य चालतो, व त्यावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.