अष्टवर्ग आणि त्याचे प्रतिनिधी

लक्ष्मण मूर्च्छित पडला असता हनुमंताने औषधींसह पर्वतच उचलून आणला, ही कथा आपल्या घरातील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचे गाव आहे, तेथे परंपरेने हनुमंताची पूजा होत नाही. आपला पर्वत त्याने नेला, हा ग्रामस्थांचा रोष आहे. औषधी ज्यास लाभते तो बरा होतो. पण जेथून ती नेली त्या डोंगराचे काय, हा प्रश्न या परंपरेत दडलेला आहे. या पाठात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धि आणि वृद्धि या हिमालयातील आठ वनस्पतींस ‘अष्टवर्ग’ म्हणतात. यांचे कंदमूळ मधुर, शीतल, बल देणारे व शरीर पुष्ट करणारे मानले आहे. चरकसंहितेतील ‘जीवनीय’ गणाच्या दहा द्रव्यांपैकी पहिली सहा यांतीलच होत. त्याच ग्रंथाच्या रसायनाध्यायात ५०० आवळ्यांपासून च्यवनप्राश करण्याची जी कृती आहे, तीतही अष्टवर्गातील कित्येक वनस्पती येतात. वृद्ध च्यवन ऋषींस ज्या अवलेहाने पुन्हा तारुण्य लाभले असे सांगतात, तो हाच.

आज या वनस्पती विरळ झाल्या आहेत, आणि त्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. आवळा तोडला तरी झाड राहते. येथे मात्र कंदच औषध असल्यामुळे तो खणला की रोप संपले. त्यातही जीवक, ऋषभक, ऋद्धि व वृद्धि ही चारही ऑर्किडच्या कुळातील आहेत. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठा नसतो. मातीतील विशिष्ट बुरशीचे साहाय्य मिळाले तरच ते रुजते. म्हणून हजारो बियांतून एखादेच रोप उभे राहते. क्षीरकाकोली ही लिलीच्या जातीची असून तीही आता नामशेष होण्याच्या मार्गावर आहे.

येथे कोणी म्हणेल, शास्त्रात सांगितले आहे तेव्हा मूळ द्रव्यच हवे; बदली वस्तू घालणे म्हणजे देवाच्या नैवेद्यात लबाडी करण्यासारखे नव्हे काय? या शंकेचे उत्तर शास्त्रानेच देऊन ठेवले आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ ग्रंथात, अष्टवर्ग राजांसही अत्यंत दुर्लभ आहे, असे सांगून त्याचे प्रतिनिधी नेमून दिले. मेदा व महामेदा यांच्या स्थानी शतावरी. जीवक व ऋषभक यांच्या स्थानी विदारीकंद, म्हणजे आपला भुईकोहळा. काकोली व क्षीरकाकोली यांच्या स्थानी अश्वगंधा, म्हणजे आस्कंद. आणि ऋद्धि व वृद्धि यांच्या स्थानी वाराहीकंद. पूजेत एखादे द्रव्य न मिळाल्यास त्याऐवजी आपण अक्षता वाहतो, आणि ती पूजा उणी मानीत नाही. तोच न्याय येथे आहे.

हे प्रतिनिधी आपल्यापासून दूर नाहीत. शतावरी व भुईकोहळा सह्याद्रीच्या रानांत आढळतात. आस्कंदाची तर माळव्यात, नीमच-मंदसोरकडे, रीतसर शेती होते. शतावरी परसातही सहज लागते.

तेव्हा थंडीच्या दिवसांत घरी अवलेह करण्याचे योजाल, तेव्हा जाणत्या वैद्याचा सल्ला घेऊन हीच द्रव्ये वापरावीत, असे आम्ही सुचवितो. विशेषतः गर्भवती स्त्रिया, मधुमेही व नित्य औषधे घेणारे यांनी वैद्यास विचारल्यावाचून कोणतेही रसायन घेऊ नये. आणि कोणी ‘खरा हिमालयी अष्टवर्ग’ म्हणून पुडी पुढे केली, तर ती नाकारण्यात शास्त्राचा भंग नाही. स्वतःच्या बलवृद्धीसाठी एखाद्या वनस्पतीचा वंशच संपवावा, हे कोणत्याही रसायनाचे फल असू शकत नाही.