गावठी कोंबडीच्या पिवळ्या पायांचे कूळ

मोहोळ, बार्शी किंवा मंगळवेढा येथील आठवडा बाजारात गावठी कोंबड्या विक्रीस येतात. गिऱ्हाईक कोंबडी हातात घेते, छातीचे हाड चाचपते, तुरा पाहते. पायांच्या रंगाकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक एकाच खुराड्यातील कोंबड्यांचे पाय पाहिले तर काहींचे पांढरट, काहींचे पाटीच्या दगडासारखे करडे, तर काहींचे स्वच्छ पिवळे आढळतात. या पिवळ्या रंगामागे दोन निकटच्या पक्षिजातींच्या संकराचा इतिहास आहे.

भारतात रानकोंबड्याच्या दोन जाती आहेत. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व व मध्य भारतातील सालवनांपर्यंत आढळतो. राखी रानकोंबडा हा मात्र भारताबाहेर कोठेही निसर्गतः नाही. सह्याद्री आणि दक्षिण द्वीपकल्पातील डोंगराळ अरण्ये हे त्याचे घर. सोलापूरच्या माळरानावर तो नाही, परंतु पश्चिमेस कोयना, राधानगरीच्या जंगलात पहाटे त्याचे आरवणे ऐकू येते. तांबड्याचे पाय करडे असतात, राख्याचे पिवळसर वा तांबूस.

गावठी कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासूनच उत्पन्न झाली, असे चार्लस् डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले होते. कलकत्त्यात वस्तुसंग्रहालयाचे काम पाहिलेल्या एडवर्ड ब्लाइथ यांच्या माहितीचा त्याला मोठा आधार होता. हे मत बव्हंशी खरे ठरले आहे. २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तांबड्या रानकोंबड्याची जी उपजाती नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या टापूत राहते, तिच्यापासून गावठी कोंबडी निघाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. पण मग करड्या पायांच्या पूर्वजाच्या वंशात पिवळे पाय आले कोठून?

त्याचे उत्तर २००८ साली मिळाले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कातडीचा पिवळेपणा ठरविणारे जनुक शोधून काढले. मका, हिरवा चारा यांतील पिवळे रंगद्रव्य कोंबडीच्या पोटात जाते. या जनुकाच्या नेहमीच्या रूपामुळे ते कातडीत मोडले जाते आणि कातडी पांढरी राहते. दुसऱ्या रूपात हे कार्य कातडीपुरते मंदावते, म्हणून रंग साचतो. पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांतील हे रूप तांबड्या रानकोंबड्याशी जुळेना. ते राखी रानकोंबड्याच्या जवळचे निघाले. माणसाळलेली कोंबडी द्वीपकल्पात पोहोचल्यावर तिचा राख्याशी संकर झाला असला पाहिजे, हे त्यावरून उघड आहे.

दोन जाती वेगळ्या असताना हे घडले कसे, असा प्रश्न शिक्षकांना वर्गात हमखास विचारला जाईल. घोडा व गाढव यांच्या संकरातून होणारे खेचर वांझ असते. तेथे वंश थांबतो. या कोंबड्यांच्या संकराची प्रजननक्षमता कमी असली तरी ती सर्वस्वी नाहीशी होत नाही. पक्ष्यांच्या संकरात वांझपणा आला तर तो सामान्यतः माद्यांमध्ये अधिक दिसतो. सस्तन प्राण्यांत तो नरांमध्ये दिसतो. एखादा संकरित नर पुन्हा गावठी कोंबड्यांत मिसळला, की पिढ्यांगणिक राख्याचा अंश निम्मा-निम्मा होत जातो. मात्र एखादे जनुक माणसाला आवडले किंवा उपयोगी पडले, तर तेवढे टिकून राहते. एका जातीतून दुसऱ्या जातीत असे जनुक झिरपणे यालाच जनुकप्रवाह म्हणतात. युरोपात पिवळी कातडी सरसकट झाली ती गेल्या काही शतकांतच, असे उत्खननातील जुन्या हाडांच्या तपासणीवरून दिसते. आज कुक्कुटपालन केंद्रांतील पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीचे पाय पिवळे असतात. ज्या विलायती वाणाची आयात म्हणून आपल्याकडे वाखाणणी झाली, त्याच्या पायाचा रंग मुळात येथल्याच रानातला!

हा प्रवाह उलट दिशेनेही वाहतो, आणि तेथे प्रश्न गंभीर होतो. तांबड्या रानकोंबड्याच्या सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या संग्रहालयीन नमुन्यांची हल्लीच्या पक्ष्यांशी तुलना करणारा सिंगापूरच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावठी कोंबडीची जनुके रानातील पक्ष्यांत वाढत चालल्याचे त्यात आढळले. पक्षी संख्येने कमी न होता त्यांचे रानपण कमी होत जाते. शिरगणतीत हे दिसत नाही. रोगप्रतिकारासारखे गुण पुढे कोंबडीच्या वाणांत हवे झाले, तर ते ज्या रानसाठ्यातून घ्यावयाचे तोच साठा असा पातळ होतो. सोलापूर जिल्ह्यात ही भीती नाही. परंतु तलंगांच्या गटांचे वाटप अरण्यालगतच्या गावांतही होते. तेथील ग्रामपंचायतींनी लाभार्थ्यांना रात्री कोंबड्या खुराड्यात बंद करण्यास व नर मोकाट न सोडण्यास सांगणे इष्ट ठरेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ रानकोंबड्याच्या शिकारीस प्रतिबंध करतो. खुराड्याचे दार लावणे मात्र मालकाच्याच हाती आहे.

शाळांना या विषयाचा अभ्यास खर्चाशिवाय करता येईल. पांढरी कातडी प्रभावी आणि पिवळी अप्रभावी असल्यामुळे पांढऱ्या पायांच्या जोडीला पिवळ्या पायांचे पिल्लू होऊ शकते. पिवळ्या पायांच्या जोडीला पांढऱ्या पायांचे होत नाही. विद्यार्थ्यांनी गावातील खुराड्यांत नोंदी करून हे ताडून पाहावे. हिरवट पाय दिसले तर ते पिवळ्यात धरावेत, कारण तेथे पिवळ्या कातडीखाली काळा रंग असतो. अगदी काळेभोर पाय मोजणीतून वगळावेत. पांढऱ्या ज्वारीत पिवळे रंगद्रव्य फारच थोडे असते, त्यामुळे केवळ मालदांडीवर पोसलेल्या कोंबडीचे पाय फिके दिसतात. चारच दिवस मका घालून फरक पडणार नाही, काही आठवडे जावे लागतात. शिवाय अंडी देऊ लागल्यावर हे रंगद्रव्य बलकाकडे वळते आणि प्रथम गुदद्वाराभोवतीची कातडी, मग चोच व शेवटी पाय पांढुरके होतात. म्हणून ही गणना अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची न करता तलंगांची करावी.