‘सांगितलं तर परत बोलावतील’

गेली सतरा वर्षं मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात रात्री नऊनंतर आमच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. पायरी-पायरीवर एकेक मुलगी फोन कानाला लावून बसलेली. हो, जेवले. हो, भाजी बरी होती. नाही गं आई, रडत नाहीये, सर्दी झालीय. फोन ठेवायचा, ओढणीने डोळे पुसायचे आणि खोलीत जायचं.

लातूरकडची एक मुलगी इंजिनिअरिंगला होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला चांगले मार्क. पहिल्या चाचणीत गणितात 30 पैकी 4 पडले. तीन आठवडे तिने घरी कळू दिलं नाही, मेसमध्ये येणंही बंद केलं. मी विचारलं, “पप्पा रागावतील म्हणून घाबरतेस का?” म्हणाली, “रागावणार नाहीत मॅडम. परत बोलावतील. इथंच बीएस्सी कर म्हणतील, आणि मग स्थळं बघायला लागतील.”

ही भीती मी दरवर्षी ऐकते. मुलाला केटी लागली तर ‘काढेल पुढच्या वेळी’ म्हणून घर मोकळं होतं. मुलीला लागली की पुण्याला पाठवण्याचाच निर्णय पुन्हा चर्चेला येतो. मुलींना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्या अडचण लपवतात. नापास होण्यापेक्षा हे लपवणंच त्यांना जास्त महागात पडतं.

म्हणून पालकांनो, मुलीची बॅग भरण्याआधी एक गोष्ट करा. तिला समोर बसवून सांगा: नापास झालीस, आजारी पडलीस, कुणी त्रास दिला, काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही. हे आजी आणि काकांच्या देखत सांगा, कारण ‘आणा आता पोरीला घरी’ हे वाक्य बहुतेक वेळा तिकडूनच येतं.

आणि तिने खरंच सांगितलं, तर ‘आम्ही म्हणतच होतो’ हे शब्द गिळून टाका. मराठीत शिकलेल्या मुलीला इंग्रजीतलं लेक्चर कानात बसायला दिवाळी उजाडते. तोवर मार्क कमी पडले म्हणजे ती कमी पडली असं नाही. छेडछाड किंवा रॅगिंग असेल तर तिला खोली सोडायला लावू नका, तक्रार करा. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याने बंधनकारक आहे. रॅगिंगसाठी 1800-180-5522 आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा 14416 हे दोन्ही नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह असू द्या.

कागदपत्रांची फाइल वडिलांच्या कपाटात नको, तिच्याकडे हवी. 2024-25पासून आर्थिकदृष्ट्या मागास, मराठा आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. मेसचा आणि वसतिगृहाचा खर्च वेगळा धरा. या सवलतीसाठी महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज तिलाच भरू द्या. सायबर कॅफेवाल्याकडे मामा अर्ज भरतो, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाची तारीख निघून गेल्याचं मुलीला कळतसुद्धा नाही. आधारला जोडलेलं बँक खातं तिच्या नावावर हवं, एटीएम कार्डही तिच्याच पर्समध्ये. महिन्याचे पैसे एकदाच टाका. वीस तारखेला संपले तर संपू देत, पुढच्या महिन्यात ती आपोआप हिशेब लिहायला लागते.

दर शनिवारी तिला गावी बोलावू नका. आईनेच एखाद्या रविवारी यावं. मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धंच तिकीट आहे.

लातूरकडच्या त्या मुलीने शेवटी माझ्या ऑफिसातून घरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील रातराणीने येऊन दारात उभे होते. मला वाटलं, न्यायला आले. पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. खुर्चीत बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, हा पेपर राहिला तर परत कधी देता येतो?” लेक शेजारीच उभी होती.

त्या सत्रात गणित राहिलंच. निकालाच्या रात्री ती जिन्यावर बसली होती, आणि वरच्या मजल्यावर मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगत होती, “पप्पा, गणित राहिलं. बाकीचे सगळे निघाले.”