अळवावरचं पाणी पाहिलंयस?

नीटचा निकाल लागला की वडील विचारतात, "मेडिकल हुकलं, आता हिचं काय?" मुलगी मान खाली घालून बसलेली असते. मी तिलाच विचारतो, "अळवावरचं पाणी पाहिलंयस?"

थेंब गोल राहतो आणि घरंगळतो. सगळी करामत पानाच्या वरच्या थराची. शरीरात बसवलेल्या वस्तूचंही तसंच. काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं तिच्या पृष्ठभागावर बसतात, आणि मागून येणाऱ्या पेशींची गाठ या प्रथिनांशीच पडते. हा पृष्ठभाग शरीराला मानवेल असा घडवणं, हे एक अख्खं कामाचं क्षेत्र आहे.

1952च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची कुपी काढायला गेले, तर निघेचना. हाडाने तिला घट्ट धरलं होतं. टायटॅनियमवर हवेतच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो, तो हाडाला चालतो. 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आता तो पृष्ठभाग बारीक कणांचा मारा करून, आम्लात बुडवून मुद्दाम खडबडीत करतात, म्हणजे हाड जास्त घट्ट धरतं.

हृदयाच्या झडपेत मात्र नेमकं उलटं हवं. तिथे रक्त चिकटलं की गुठळी! तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने कोबाल्ट-क्रोमियमची चौकट आणि पॉलिथिलीनची चकती वापरून झडप बनवली. आधीची मॉडेल्स चाचण्यांत फसली होती. डिसेंबर 1990 मध्ये ही झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली.

आता प्रवेशाचं. नेमकी याच विषयाची शाखा शोधत बसू नका, वाटा आडवळणाच्या आहेत. बारावीला गणित असेल तर मेटलर्जी, पॉलिमर किंवा केमिकल इंजिनिअरिंग, पुढे एम.टेक.साठी गेट ही परीक्षा. गणित सोडलं असेल तर रसायनशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी., मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. पॉलिमरवर काम करायचं तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आहे. "बायोमेडिकल" हे नाव ऐकून भुलणाऱ्या पालकांना सांगतो, आधी अभ्यासक्रम वाचा. काही ठिकाणी भर यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक्सवरच असतो.

पगाराचं विचारलंत, तर नुसत्या पदवीवर साधारणपणे गुणवत्ता तपासणी, चाचण्या, कागदपत्रं अशी कामं मिळतात. त्याला नाक मुरडू नका. वैद्यकीय उपकरणांचे 2017चे नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. त्यामुळे आयएसओ 10993 या मानकानुसार उपकरण पेशींना विषारी नाही ना, रक्ताला त्रास देत नाही ना, हे तपासणारी आणि ते नीट लिहून ठेवणारी माणसं कंपन्यांना लागतात. नवा पृष्ठभाग स्वतः घडवायचा असेल तर मात्र पीएच.डी.ची तयारी ठेवा.

कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा फी विचाराच. शिवाय हेही विचारा, की पृष्ठभागावर थेंब ठेवून त्याचा कोन मोजायचं यंत्र प्रयोगशाळेत आहे का, आणि पदवीच्या मुलांना त्याला हात लावू देतात का.