जुन्या हिशेबाला दुरून पाहण्याची खिडकी

बालाघाट, वारासिवनी, कटंगी या भागाचा व्यापार पुष्कळसा धानावर चालतो. राईस मिलच्या गादीवर वहीच्या जागी संगणक आला, त्यालाही आता बराच काळ लोटला. मात्र अशा गाद्यांवरचे जुने प्रोग्राम एकाच कचेरीतील दोनचार संगणकांपुरते रचलेले असतात. फॉक्सप्रोमधील प्रोग्राम या जातीचे. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार जानेवारी २०१५ मध्ये काढून घेतला.

आता मालक नागपुरास असला तरी त्याला खतावणी पाहावयाची असते. नवा प्रोग्राम लिहविण्याऐवजी 'रिमोट डेस्कटॉप' बसविला जातो, आणि आपला हिशेब इंटरनेटवर आला असे समाधान मानले जाते. वस्तुतः प्रोग्राम जागचा हालतही नाही. पडद्याचे केवळ चित्र दूर जाते आणि कळा दाबल्याची खबर परत येते. खर्च थोडा लागतो व माहिती एका ठिकाणी राहते, हे त्याचे गुण आम्हांस मान्य आहेत.

पण अडचणी पाहा. विंडोजच्या साध्या आवृत्तीत एका वेळी एकच मनुष्य काम करू शकतो. मालक आत शिरला की मुनीमजी बाहेर! अनेकांसाठी सर्व्हर व माणशी परवाने घ्यावे लागतात. तोच सर्व्हर दूरच्या शहरात भाड्याने घेतला, तर धर्मकाट्याचे वजन केबलने थेट प्रोग्रामात येणे बंद पडू शकते, आणि गाडीवान खोळंबला असता आकडा हाताने भरावा लागतो. मध्येच इंटरनेट तुटले तर उघडी नोंद तिकडे अडकून राहते. दुसऱ्यास तिला हात लावता येत नाही.

सर्वांत मोठा धोका दाराचा. या सोयीचे ३३८९ क्रमांकाचे दार जगाला उघडे ठेवले, की परके लोक यंत्रांकरवी रात्रंदिवस पासवर्ड ताडून पाहतात. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाचा दोष उघड झाला, तेव्हा २०१४ मध्येच आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. चोर आत शिरला तर सारी खतावणी कुलूपबंद करून खंडणी मागतो. मग कोणत्या शेतकऱ्याचे किती देणे, हे सांगणार कोण?

त्यातच सर्वांचे एकच नाव व एकच पासवर्ड, ही आमच्याकडची फार जुनी खोड. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-प्रोग्रामात प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे. पण सारेच एका नावाने शिरले, तर आकडा कोणी फिरविला हे त्या नोंदीवरून कळावयाचे कसे?

तूर्त ही खिडकी ठेवावयाचीच असेल, तर ते दार उघडे न ठेवता व्हीपीएनच्या आड ठेवावे, पासवर्डबरोबर मोबाईलवरील सांकेतिक अंकही मागावा आणि प्रत्येकास स्वतंत्र नाव द्यावे. हिशेबाची प्रत रोज घेऊन त्या संगणकापासून अलग ठेवावी. ती दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते की नाही, हे धानाची आवक सुरू होण्यापूर्वीच पाहून घ्यावे. एकदा गाड्या लागल्या की गादीवर कोणास सवड नसते.