गोलरक्षक होऊ पाहणाऱ्या भाच्यास



तुझे पत्र पावले. गोव्यातील एक क्लब तुला पगारावर गोलरक्षक नेमू इच्छितो आणि तुझे वडील त्यास सर्वथा प्रतिकूल आहेत, हे वाचून त्यांची चिंता आणि तुझी ओढ ही दोन्ही मला सारखीच रास्त वाटली. तू जावेस, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु निघण्यापूर्वी आर्थर व्हार्टन या गोलरक्षकाचे चरित्र तू नीट ध्यानी घ्यावेस, अशी माझी इच्छा आहे.

1865 साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, अक्रा येथे तो जन्मला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, आईचे नाते फांती राजघराण्याशी. मुलाने विद्या संपादून धर्मसेवेत आयुष्य वेचावे, या हेतूने त्याला इंग्लंडात पाठविण्यात आले. तेथे डार्लिंग्टनच्या महाविद्यालयात असताना ग्रंथांपेक्षा मैदानानेच त्याचे चित्त हरण केले. 1886 साली लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर शंभर यार्डांचे अंतर त्याने 10 सेकंदांत कापले, आणि त्याच सुमारास प्रेस्टन नॉर्थ एंड या बलाढ्य फुटबॉल संघाचे गोलरक्षण त्याच्याकडे आले. ज्या ब्रिटिश साम्राज्याच्या दृष्टीने त्याच्या वर्णाचा मनुष्य केवळ प्रजा म्हणून गणला जाई, त्याच साम्राज्याच्या मायभूमीत, हजारो डोळ्यांसमोर, गोलखांबांमध्ये एकट्याने उभे राहणे यास केवढे धैर्य लागले असेल याची तू कल्पना कर. एका क्रीडापत्राने तर त्याच्या वर्णावरून हीन शब्दांत टवाळी करून ती जागा त्याची नव्हे असे सुचविले होते. गोलरक्षकाला धडक देऊन चेंडूसकट गोलरेषेपलीकडे लोटणे त्या काळच्या नियमांत बसत असे. तरीही उडी मारून आडव्या दांड्याला लटकायचे आणि चेंडू दोन्ही पायांत पकडायचा, असा त्याचा पराक्रम एका प्रेक्षकाने अनेक वर्षांनंतरही आठवणीने लिहून ठेवला आहे. तुझ्यावर उद्या प्रेक्षकांतून अपशब्दांचा वर्षाव होईल तेव्हा हा मनुष्य तुला आठवावा.

1888 साली, धावण्याकडे अधिक लक्ष देण्याकरिता, त्याने प्रेस्टन सोडले. पुढच्याच मोसमात त्या संघाने लीगमधील 22 सामन्यांत एकही पराभव न पत्करता विजेतेपद मिळविले आणि एकही गोल न स्वीकारता एफ. ए. चषकही जिंकला! प्रेस्टन सोडण्याचा त्याचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, कारण भविष्य कोणालाच दिसत नसते. पण केवळ वेगाच्या मोहाने जमलेली घडी मोडताना त्याने कोणा जाणत्याचा सल्ला घेतला असता तर बरे झाले असते, असे मला राहून राहून वाटते. 1889 साली तो रॉदरहॅम टाउन संघाचा वेतनभोगी खेळाडू झाला. पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून इतिहास त्याला ओळखतो तो याच नेमणुकीमुळे. 1894 साली तो शेफील्ड युनायटेडकडे गेला. परंतु तेथे विल्यम फोक नावाचा धिप्पाड तरुण गोलरक्षक असल्याने त्याला फारशी संधी लाभली नाही. मधल्या काळात त्याने मद्यगृहही चालविले. 1902 साली खेळ संपला, तेव्हा मागे निर्वाहाची काहीच तजवीज नव्हती. पुढे एडलिंग्टनच्या कोळसाखाणीत मजुरी करीत 1930 साली तो निवर्तला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसण्यास 1997 साल उजाडावे लागले.

तुझ्या वडिलांची भीती नेमकी येथे आहे, आणि तिला तू उद्धटपणे झिडकारू नयेस. त्यांना वादाने नव्हे, व्यवस्थेने निश्चिंत कर. पदवीचे शेवटचे वर्ष बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पुरे करण्याचे त्यांना वचन दे. पहिल्या पगारापासून ठराविक रक्कम पोस्टात त्यांच्या आणि तुझ्या संयुक्त नावाने जमा होऊ दे. करारनामा तर सही करण्यापूर्वी माझ्याकडे पाठवच. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोणाचा, त्या काळात वेतन चालू राहील की नाही, मुदतीपूर्वी करार रद्द करण्याचा अधिकार केवळ क्लबास आहे की तुलाही, आणि मध्यस्थाचे कमिशन कोणत्या रकमेवर आकारले जाईल, ही कलमे मला स्वतः तपासावयाची आहेत. क्लबाकडे आठ दिवसांची मुदत माग. ती देण्यास त्यांनी खळखळ केली, तर तेही मला कळव.

ताईस व दाजींस नमस्कार सांग.

तुझा,
मामा