मज्जातंतूंतील वीज

मेंदूचा विद्युत् आलेख काढताना रुग्णाला ‘शॉक’ बसेल, अशी धास्ती नातेवाइकांना असते. वस्तुतः ते यंत्र वीज देत नाही. मेंदूत निर्माण होणारी वीज केवळ नोंदवते.

ती निर्माण होते कशी? मज्जापेशीच्या पटलाबाहेर सोडियमचे कण अधिक, आत पोटॅशियमचे. पटलातील पंप दर फेरीस तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो. वाणिज्याच्या भाषेत ही अहोरात्र राखलेली शिल्लक! पोटॅशियम थोडे बाहेर झिरपत राहिल्याने आतील बाजू सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. उद्दीपन पुरेसे होताच सोडियमची दारे उघडतात, धनभारित कण आत धावतात. लगेच पोटॅशियम बाहेर पडून स्थिती पूर्ववत् होते. व्यवहार जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांचा, परंतु शेजारची दारे उघडत तो तंतूभर पसरतो.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. ओबैद सिद्दिकी यांनी सीमोर बेन्झर यांच्यासह १९७६ मध्ये, उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांतील विद्युत् बिघाड प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका माशीत सोडियमच्या दाराचेच जनुक सदोष असल्याचे १९८९ मध्ये उलगडले.

माणसातही अशा दोषाने फेफरे येऊ शकते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे याच दारांना आवर घालतात. मात्र काही जन्मजात दोषांत त्यांनीच झटके वाढतात, म्हणून निवड डॉक्टरांचीच. कांदा वा चप्पल हुंगवून दारे मिटत नाहीत. झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि पाच मिनिटांत तो न थांबल्यास तत्काळ रुग्णालयात आणावे.